घरातील समुद्र आणि समुद्रघोडा

कणकुंबी हे गाव पाण्याचे माहेर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या या गावी मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे, म्हादईच्या दिशेने उतरतो. आणि म्हादई हीच पुढे मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एकाच ढगातून पडलेल्या दोन सरींपैकी एकीने पूर्वेचा समुद्र गाठावा व दुसरीने पश्चिमेचा, असे हे स्थान आहे. या पाण्याच्या वाटणीवरून दोन राज्यांत चाललेला वाद वाचकांस ठाऊक आहेच. त्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळ्याच पाण्याविषयी, म्हणजे खाऱ्या पाण्याविषयी, आणि त्यात राहणाऱ्या एका इवल्याशा जीवाविषयी.

मुलांच्या हट्टाचे विषय आता बदलले आहेत. पूर्वी मुले फार तर पिंजऱ्यातला पोपट मागत किंवा सशाची जोडी मागत. आज हातातील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशातील एखाद्या दिवाणखान्यातली काचेची पेटी दिसते. तिच्यात निळसर उजेडात, शेपटीने काडीला विळखा घालून, बुद्धिबळातल्या घोड्यासारखी मान वाकवून एक चिमुकला प्राणी उभा असतो. मूल विचारते, ‘‘बाबा, असा समुद्रघोडा आपण घरी का नाही ठेवायचा?’’ या प्रश्नाला ‘नको म्हणजे नको’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. मुलाला कारण कळले पाहिजे. आणि कारण सांगावयाचे तर आईबापांना ते आधी ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

हा कोणता प्राणी?

समुद्रघोडा हा घोडा नव्हे, किडाही नव्हे. तो मासा आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला पर आहेत, पाठीचा कणा आहे. मात्र त्याच्या अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी कातडीखाली हाडांच्या चकत्यांचे कडे रचलेले असते, जणू चिलखतच. इतर मासे आडवे पोहतात, हा उभा पोहतो. पाठीवरचा छोटासा पर सेकंदाला तीसपस्तीस वेळा फडफडवून तो हळूहळू पुढे सरकतो. पोहण्यात तो इतका मंद आहे की, जोराचा प्रवाह आला तर वाहून जाऊ नये म्हणून समुद्री गवताला किंवा एखाद्या काटकीला शेपटीने धरून बसतो. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांवाचून स्वतंत्र फिरतात. एका डोळ्याने भक्ष्य पाहावे, दुसऱ्याने शत्रू, अशी ही सोय.

त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या मुखाने तो बारीक कोळंबीसारखे जीव झटक्यासरशी ओढून गिळतो. पण अन्न साठवावयास पोटात जागाच नसल्यामुळे ते लवकर आतड्यातून पुढे जाते व त्याला पुन्हा भूक लागते. दिवसभर थोडेथोडे खात राहणे हे त्याच्या देहरचनेचेच बंधन आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळून येईल.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे या प्राण्यात गर्भ वाहतो तो पिता. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते. तेथे ती फळतात. नर त्यांना प्राणवायू व पोषण पुरवितो. इतकेच नव्हे, तर पिशवीतील पाण्याचा खारेपणा हळूहळू समुद्राच्या पाण्याइतका करीत आणतो, म्हणजे बाहेर पडताना पिल्लांना एकाएकी धक्का बसत नाही. जातीप्रमाणे व पाण्याच्या उष्णतेप्रमाणे साधारण दोन ते चार आठवड्यांनी नराला वेणा येऊन पिल्ले बाहेर पडतात. मोठ्या जातींत ती एका वेळी शेकड्यांनी असतात. जन्मल्या क्षणापासून ती स्वतंत्र असतात व त्यांपैकी फारच थोडी जगून वाढतात. कित्येक जातींत जोडपे एकमेकांना धरून असते. रोज सकाळी नरमादी जवळ येतात, रंग बदलतात, शेपट्या गुंतवून थोडा वेळ बरोबर पोहतात आणि मग आपापल्या जागी परततात. जोडप्यातील एक काढून नेला तर दुसऱ्याचे प्रजनन काही काळ थांबते, हे वेगळे सांगावयास नकोच.

काचेतल्या समुद्राचा इतिहास

समुद्र घरात आणण्याची ही हौस आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात ती प्रथम जोरात पसरली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयावर एक सुंदर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ मोठा धर्मनिष्ठ होता. किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यांत त्याला ईश्वराची कारागिरी दिसे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षार गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजलही तयार करून दाखविले. मग काय विचारता! ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता त्यांच्याही घरात समुद्र आला.

परंतु त्याची किंमत दुसऱ्यानेच मोजली. पेट्या भरण्यासाठी लोकांचे थवेच्या थवे किनाऱ्यावर लोटले. पाट्या, बरण्या, हातोड्या घेऊन त्यांनी खडक ओरबाडले. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ साली आपल्या बालपणाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले, त्यात बापाबरोबर पाहिलेली ती रम्य डबकी नंतर उजाड झाल्याचे दुःख नमूद केले आहे. आणि आपल्या पित्याच्या ग्रंथांनीच ही आपत्ती ओढवली, असेही म्हटले आहे. ज्याने समुद्रावर मनापासून प्रेम केले त्याच्याच शिकवणीने किनारा लुटला गेला. प्रेमाला विवेकाची जोड नसली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. परंतु सार्वजनिक मत्स्यालयाची गोष्ट वेगळी. तेथे पगारी माणसे रात्रंदिवस राबतात. घरची पेटी म्हणजे सारा भार घरधन्यावर, आणि खरे सांगावयाचे तर घरच्या बाईवर.

एका जोडीसाठी किती खटाटोप?

समजा, सर्व परवानगी आहे आणि पैसाही आहे. मग कणकुंबीसारख्या डोंगरगावी समुद्रघोड्याच्या एका जोडीसाठी काय काय करावे लागेल?

पहिली गोष्ट काचेच्या टाकीची. हा मासा उभा पोहतो व जोडी जुळविताना वरखाली झेपावतो, म्हणून टाकी लांबीपेक्षा उंचीने हवी: निदान ४५ सेंटिमीटर, आणि एका जोडीस सुमारे १२० लिटर पाण्याची. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड असते. तेव्हा नुसते पाणीच सव्वाशे किलोच्या घरात गेले. त्यात काचेचे व वाळूचे वजन मिळवावे. हे ओझे भिंतीतल्या कोनाड्यात किंवा लाकडी फळीवर राहणार नाही. त्याला पक्का चौथरा लागतो, आणि तोही उन्हाच्या तिरिपेपासून दूर.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १२० लिटरला सव्वाचार किलोच्या आसपास. ‘मग त्यात काय? वाण्याकडून मीठ आणू,’ असे कोणी म्हणेल. पण समुद्राचा खारेपणा म्हणजे केवळ मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, सल्फेटे आहेत. मिठागरात पाणी आटू लागले की चुन्याचा अंश आधी खाली बसतो, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचा कडू अंश शेवटच्या पाण्यात उरतो. मिठागराचा धनी ते कडू पाणी काढून टाकतो, म्हणून तर आपले मीठ रुचकर लागते. परंतु जे आपल्या जिभेला रुचकर, ते समुद्रघोड्याला अपुरे. त्यासाठी सर्व क्षार प्रमाणात मिसळलेले खास मीठ विकत आणावे लागते. शिवाय घरातील तांब्याची घागर या कामी चालत नाही. तांब्याचा अल्पसा अंशही खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या जीवांना घातक ठरतो. म्हणून प्लॅस्टिकची वेगळी बालदीच राखावी लागते.

पाणी केले म्हणजे काम संपले, असेही नाही. रोज थोडे पाणी वाफ होऊन उडते. पण क्षार उडत नाहीत. उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. म्हणून घट भरून काढावयाची ती गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. खारेपणा मोजणारे यंत्र नेहमी जवळ ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. वाळूत व गाळणीत एका प्रकारचे सूक्ष्म जंतू वाढले की ते अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात सोसते. ही जंतूंची फौज उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी पाण्याने भरलेली, पण माशावाचून रिकामी ठेवावयाची! शेत नांगरून पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा धीर ठाऊक आहे. पण हौशी माणसाला तो सहसा नसतो. पहिल्याच आठवड्यात मासे सोडले जातात आणि दुसऱ्या आठवड्यात ते मरतात.

चौथी गोष्ट अन्नाची. मागे सांगितलेच आहे की या माशाला जठर नाही. त्याला दिवसातून दोनतीन वेळा, न चुकता, बारीक कोळंबीच्या जातीचे अन्न द्यावे लागते. पिल्ले झाली तर त्यांना दिवसभर सतत जिवंत सूक्ष्म खाद्य लागते. दुकानात मिळणाऱ्या कोरड्या गोळ्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. लग्नासाठी दोन दिवस गावाला जावयाचे, तर शेजाऱ्याला हे सारे शिकवून जावे लागेल. त्याच्या टाकीत दुसरे चपळ मासेही ठेवता येत नाहीत. तेच सारे खाऊन टाकतात आणि हा बिचारा उपाशी राहतो.

पाचवी गोष्ट विजेची. पाणी खेळते ठेवणारा पंप, गाळणी, हवा सोडणारे यंत्र, ही सारी विजेवर चालतात. उन्हाळ्यात पाणी २६ अंशांच्या फार वर गेले तर रोगजंतू बळावतात, म्हणून थंडाव्याची सोय हवी. कणकुंबीच्या पावसाची ओळख वाचकांना करून देणे नको. झाड तारेवर पडले आणि वीज गेली, की घरात दिवा लावून भागते. पण टाकीतल्या पाण्याचा श्वास कोंडू लागतो.

हा पाढा आम्ही कोणास भेडसावण्यासाठी वाचलेला नाही. समुद्र जे काम फुकट, अहोरात्र आणि न बोलता करतो, ते माणसाने करावयास घेतले म्हणजे केवढे होते, हे कळावे एवढाच हेतू आहे.

कायदा काय म्हणतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९० च्या दशकात जगभर वर्षाला सुमारे दोन कोटी समुद्रघोडे पकडले जात असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज होता. बहुतेक वाळवून पारंपरिक चिनी औषधांसाठी जात, काही शोभेच्या वस्तूंसाठी, काही जिवंत काचेच्या पेट्यांसाठी. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरूनही वाळविलेले समुद्रघोडे मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. हे पाहून भारत सरकारने २००१ साली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली, समुद्रघोड्यांना व त्यांच्या कुळातील माशांना संरक्षण दिले. पुढे आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रघोड्यांच्या सर्व जातींच्या व्यापारावर मे २००४ पासून जगभर निर्बंध आले. टाकी सजविण्यासाठी ज्या प्रवाळांचे तुकडे लोक उचलून आणतात, ती दगडी प्रवाळेही आपल्या देशात संरक्षित आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. आपल्या समुद्रातला समुद्रघोडा पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा हौस म्हणून घरी बाळगणे हा गुन्हा आहे. त्यास कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पिंजऱ्यातल्या रानपोपटाची गोष्टही तीच, हे जाता जाता सांगून ठेवतो. ‘आम्ही त्याला जीव लावू’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. आणि वर सांगितलेला खटाटोप ध्यानात घेता ते समुद्रघोड्यापुढेही चालत नाही.

तथापि अभ्यासाची वाट बंद नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या व गोव्यात दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या समुद्रघोड्याच्या बंदिस्त संवर्धनावर काम केले आहे. भक्ष्य पाण्यात किती उठून दिसते आणि पिल्ले ते कसे टिपतात, इतक्या बारकाव्यांचाही त्यांनी अभ्यास केला. ज्यांचे आयुष्य या विद्येत गेले त्यांनाही ज्या पिल्लांना जगविण्यासाठी असे झटावे लागते, त्यांची जोखीम आपण खेळणे म्हणून कशी पत्करावी?

मग मुलांना काय द्यावे?

नुसता नकार देऊन आम्ही थांबणार नाही. घरात समुद्राचा एक धडा मांडण्याची स्वस्त व निर्दोष युक्ती आहे. ‘आर्टेमिया’ नावाची खारट सरोवरांतील एक इवलीशी कोळंबी असते. तिची सुकी अंडी शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात. डोळ्यांना ती तपकिरी भुकटीसारखी दिसतात व कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकतात. एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम आयोडिनविरहित मीठ विरघळवावे. येथे मात्र मिठागराचे मीठ चालते. त्यात चिमूटभर अंडी टाकून हवेचा छोटा पंप लावावा आणि बरणी उबदार उजेडात ठेवावी. दीड दिवसाच्या आत नारिंगी ठिपके पोहताना दिसू लागतात. हवा थांबवून बरणीच्या एका अंगाला विजेरी धरली की सारे ठिपके उजेडाकडे धावतात. हेच समुद्रघोड्याच्या पिल्लांचे पहिले अन्न म्हणून शास्त्रज्ञ वापरतात. मुलांना मग पुष्कळ कळेल: खारे पाणी म्हणजे काय, सुक्या भुकटीत प्राण कसा दडून राहतो, आणि एका घासासाठीही केवढी तयारी लागते. प्रयोग संपला की ते पाणी विहिरीत, ओहोळात अथवा झाडाच्या मुळाशी ओतू नये, एवढी खबरदारी घ्यावी.

दुसरी गोष्ट सुटीतील. आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरेधायरे गोव्यात व कोकणपट्टीत आहेत. पहाटे रापण ओढली जाते तेव्हा मुलांना जाळ्याजवळ उभे करावे. जाळ्यात चुकून समुद्रघोडा सापडला व तो जिवंत असला, तर मामा सांगतील त्याप्रमाणे तो तत्काळ पाण्यात सोडावा. वाळवून कपाटात ठेवण्यासाठी तो घरी आणू नये. मासा पाण्यात परत जाताना पाहणे हे पेटीतला मासा पाहण्याहून मोठे सुख आहे.

तिसरी गोष्ट आपल्या दाराशीच आहे. समुद्रघोडे खोल दर्यात राहत नाहीत. ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, समुद्री गवतात, खाड्यांच्या मुखांशी राहतात. म्हणजे जेथे नद्या आपला सारा गाळ व घाण आणून ओततात, नेमके तेथे. पाणी गढूळ झाले की गवताला ऊन मिळत नाही. गवत गेले की शेपटी अडकवावयास आधार उरत नाही. घाटमाथ्यावरच्या ओहोळात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी, शेतातून वाहून आलेले औषध, कपड्यांचा फेसाळ साबण, यांतले जे जे म्हादईच्या उतारावर पडते, ते ते मांडवीच्या मुखाकडे निघते. कणकुंबीकराला समुद्र दिसत नसेल. पण समुद्राला कणकुंबीचे पाणी पोचते.

म्हणून मुलाने पुन्हा विचारले, ‘‘बाबा, आपण समुद्रघोडा का नाही पाळायचा?’’ तर बाबांनी सांगावे, ‘‘बाळ, आपण त्याला पाळतोच आहोत. त्याची टाकी फार मोठी आहे आणि ती घाटाखाली आहे. तिचे पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम तेवढे आपल्याकडे आहे.’’ आणि मग एक पिशवी घेऊन बापलेकांनी ओहोळाच्या काठचा कचरा वेचावा. येत्या पावसाआधी घराघरांतून एवढे झाले, तरी काचेच्या शंभर पेट्यांनी जे साधणार नाही ते साधेल.